फांद्यांतली पिल्लं मोजताना

प्रवाळभित्तीवर पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण नुसता आकडा घेऊन वर येतात: एका प्रवाळावर बारा हंबग, म्हणजे डॅमसेलफिश कुळातले छोटे पट्टेरी मासे. कोणतं पिल्लू नेमकं कुठे होतं, ते पाण्याखाली लिहायच्या पाटीवर नसतं. तेच तर हवं असतं.

डॅमसेलफिशची पिल्लं काही आठवडे खुल्या समुद्रात काढून बहुधा रात्री भित्तीवर उतरतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांतली निम्म्याच्या आसपास खाल्ली जातात. पोसिलोपोरा किंवा ॲक्रोपोरा या फांद्या असलेल्या प्रवाळांत शिरायला जागा मिळाली, तर निभावतं. थव्यात प्रत्येकाच्या वाट्याचा धोका कमी होतो. पण फांद्यांमधली जागा मोजकीच, आणि तिच्यासाठी आपसातच रेटारेटी. हंबगमध्ये लांबीनुसार उतरंड असते. मोठे मासे प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहून आधी प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपतात, धाकट्यांना मागचं उरलंसुरलं मिळतं. रात्री निवाऱ्यासाठी ढकलाढकली झाली की कडेला फेकलेली पिल्लं शिकाऱ्याच्या तोंडी जातात. म्हणून प्रत्येक पिल्लापुढे 'आत', 'कडेला' की 'वर पाण्यात' हे लिहा, आणि प्रवाहाची दिशाही.

प्रवाळापासून दोनेक मीटरवर स्थिर थांबा. दडलेली पिल्लं बाहेर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. घाई केली की आकडा हमखास कमी येतो. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्या. टेप त्यानंतरच काढा. आधी प्रवाळाची मापं घेतली, तर सगळा थवा फांद्यांत गडप होतो आणि मोजणी वाया जाते. मग लांबी, रुंदी, उंची घ्या आणि फांद्यांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने निदान पाच ठिकाणी मोजा. फट रुंद असेल तर पिल्लामागोमाग शिकारीही आत शिरतो.

मास्कमधून वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी दिसते. तेव्हा मिलिमीटरचे अंदाज नकोत. खुणा केलेली काठी जवळ धरून दीड सेंटिमीटरच्या आत, दीड ते तीन, तीनच्या वर, एवढे गट पुरे.

जिवंत, पांढरं पडलेलं आणि मेलेलं प्रवाळ वेगवेगळं नोंदवा. पांढऱ्या फांद्यांवर मासे काही काळ टिकतात, पण शिकाऱ्याला उठून दिसतात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत या. पिल्लू दिसलं नाही म्हणून लगेच 'मेलं' लिहू नका. आधी आसपासची प्रवाळं धुंडाळा.