कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकाच्या जय-पराजयाचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाची कारकीर्द दोन किंवा तीन आकड्यांत सांगितली जाते: आधी विजय, मग पराभव आणि असल्यास शेवटी बरोबरी. हे आकडे एखाद्या ठिकाणाहून आयते उचलण्यापेक्षा स्वतः बेरीज करून पडताळावेत, कारण एकाच प्रशिक्षकाचे दोन वेगवेगळे आकडे प्रचलित असू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

प्रथम प्रत्येक विद्यापीठाची वेगळी ओळ करावी. बेअर ब्रायंट यांचेच पाहा. मेरीलँड येथे ६-२-१, केंटकी येथे ६०-२३-५, टेक्सास ए अँड एम येथे २५-१४-२ आणि अलाबामा येथे २३२-४६-९, एकूण ३२३-८५-१७. विजयाचे प्रमाण काढताना प्रत्येक बरोबरी अर्धा विजय धरली जाते. म्हणजे ३२३ मध्ये ८.५ मिळवून आलेल्या ३३१.५ ला एकूण ४२५ सामन्यांनी भागले की ०.७८० मिळते. बरोबरी वगळून भागाकार करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. १९९६ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीत जादा वेळेचा नियम लागू झाल्यामुळे सामने बरोबरीत सुटणे थांबले. त्यामुळे त्यानंतर कारकीर्द सुरू केलेल्या प्रशिक्षकांच्या नोंदीत तिसरा आकडा दिसत नाही.

यानंतर काय मोजायचे नाही ते ठरवावे. निक सेबन यांनी मायामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक म्हणून मिळवलेले यशापयश व्यावसायिक फुटबॉलमधले असल्याने ते या बेरजेत येत नाही. सहाय्यक प्रशिक्षक म्हणून घालवलेली वर्षेही सोडून द्यावीत. हंगामाअखेरचे 'बोल' (bowl) सामने, म्हणजे निवडक संघांना निमंत्रण देऊन खेळवले जाणारे सामने, मात्र धरावेत.

खरी कसोटी लागते ती रद्द केलेल्या विजयांपाशी. सेबन यांची टोलेडो येथे ९-२, मिशिगन स्टेट येथे ३४-२४-१, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) येथे ४८-१६ आणि अलाबामा येथे २०६-२९ अशी मैदानावरची कामगिरी मिळवली तर २९७-७१-१ येते. परंतु पाठ्यपुस्तकांच्या वाटपातील गैरप्रकारांमुळे अलाबामाचे २००७ च्या हंगामातील पाच विजय एनसीएए या कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या संघटनेने रद्द केले आणि त्या वर्षीची ७-६ ही नोंद २-६ झाली. पराभव तसेच राहिले, हे नीट लक्षात घ्यावे. अधिकृत आकडा त्यामुळे २९२-७१-१ ठरतो. प्रमाण काढताना भाजकातूनही पाच सामने वजा करावे लागतात, म्हणजे ३६९ ऐवजी ३६४ ने भागावे लागते, प्रमाण ०.८०६ वरून ०.८०४ वर येते. विजय रद्द झाला म्हणून तो प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होत नाही. तसे केवळ सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला गेल्यास होते. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत आणि फरकाचे कारण एका ओळीत लिहावे. फक्त अधिकृत आकडा देणाऱ्या तक्त्यात पाच सामने कुठे गेले, याचा वाचकाला पत्ताच लागत नाही.

आकडा कोणत्या दिवसाचा आहे, हेही लिहावे. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे १११ विजय जुलै २०१२ मध्ये रद्द झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये परत मिळाले. मधल्या काळातले संदर्भ २९८ सांगतात, आजचे ४०९. श्रेणीचेही तसेच आहे: जॉन गॅग्लियार्डी यांचे विजय ४८९ असले, तरी ते सर्व छोट्या महाविद्यालयांच्या स्पर्धेतले असल्याने ते पॅटर्नो यांच्या रांगेत बसवताना तशी टीप जोडणे भाग आहे.

राहता राहिला प्रभारी प्रशिक्षकाचा प्रश्न. अर्बन मेयर २०१८ च्या हंगामात निलंबनामुळे पहिल्या तीन सामन्यांना नव्हते, तेव्हा ओहायो स्टेटची धुरा रायन डे यांच्याकडे होती आणि ते तिन्ही विजय डे यांच्या नावावर गेले. म्हणून संघाची त्या वर्षीची नोंद १३-१ असली, तरी मेयर यांच्या ओळीत १०-१ हेच लिहावे.