सौरज्वालेची ऊर्जा कोठे मुरते, हे आलेखांवरून कसे ताडावे
सूर्यावरील ज्वालेच्या वेळी भारताच्या आदित्य-एल१ या सूर्यनिरीक्षक यानावरील हेलिओस उपकरणाने टिपलेला कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांचा आणि सोलेक्स उपकरणाने टिपलेला मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांचा आलेख एकाच वेळेच्या अक्षावर मांडावा. कठीण किरणांचा सुमारे २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचाच पट्टा निवडावा, कारण त्याखाली तप्त वायूचे स्वतःचे उत्सर्जन मिसळते आणि नवशिक्या हमखास फसतो. मग मृदू आलेखाच्या वाढीचा दर काढावा. तो कठीण आलेखाशी जुळला, तर किरीटातून (सूर्याच्या बाह्य वातावरणातून) खाली झेपावलेल्या इलेक्ट्रॉनांनी त्याखालच्या दाट वर्णगोलात ऊर्जा ओतली आणि तेथील तापलेल्या वायूने वर चढून चुंबकीय कमानी भरल्या, असे मानण्यास आधार मिळतो. असा संबंध सौरशास्त्रज्ञ न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मतरंग आणि मृदू क्ष-किरण यांच्यात दाखवला. जुळणी फसल्यास उष्णतावहनाचाही, म्हणजे किरीटातील उष्णता थेट खाली वाहत आल्याच्या शक्यतेचाही, विचार करावा.