फुकटात एचडी टीव्ही : छत्री बसवण्यापूर्वीची तयारी

विदर्भातल्या खेड्यात मासिक वर्गणी न भरता एचडी वाहिन्या पाहायच्या असतील, तर कवेलूंवर बांबूला बांधलेला काड्यांचा जुना अँटेना आता या कामाचा राहिलेला नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. दूरदर्शनने जमिनीवरून होणारे अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आवरते घेतले आणि २०२२ पर्यंत बहुतेक केंद्रे बंद केली. २०१६ मध्ये निवडक शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, त्यात आपल्या राज्यातून मुंबई आणि औरंगाबाद होते. ते सिग्नल मेळघाटात किंवा गडचिरोलीत मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडे अँटेना म्हणजे छत्री, आणि फुकट वाहिन्या म्हणजे २००४ पासून चालत आलेली दूरदर्शनची डीडी फ्री डिश. तिच्यावरच्या बहुतेक खाजगी वाहिन्या साध्या दर्जाच्याच आहेत. एचडी चित्र मिळते ते डीडी नॅशनल, डीडी न्यूज अशा दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्यांवर. एवढी अपेक्षा ठेवून खर्च केला, तर तो वाया जात नाही.

तालुक्याच्या दुकानात जाण्यापूर्वी घरच्या टीव्हीचे माहितीपत्रक काढून वाचावे. त्यात ‘डीव्हीबी-एस२’, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल घेण्याची सोय, असे छापलेले असेल, तर छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडता येते आणि वेगळा सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागत नाही. नुसते ‘डीव्हीबी-टी२’ असेल, तर ती सोय जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आहे आणि येथे तिचा उपयोग नाही. बॉक्स घ्यायचाच झाला तर तो एमपीईजी-४ या नव्या पद्धतीने पाठवलेले चित्र आणि एचडी चालवणारा आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण शेजाऱ्याने बदलून टाकलेला जुना एमपीईजी-२ बॉक्स स्वस्तात मिळाला, तरी त्यावर एचडी वाहिनी उघडणार नाही. बॉक्ससोबत एचडीएमआय वायर हवीच. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही, आणि नवा बॉक्स आणूनही चित्र पूर्वीसारखेच दिसते अशी तक्रार ऐकू येते तेव्हा कारण बहुधा हेच असते.

साठ सेंटिमीटरची छत्री आपल्या भागात पुरते, मात्र पावसाळ्यात चित्र टिकावे असे वाटत असेल तर थोडी मोठी घेणे शहाणपणाचे आहे. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसणारा सिग्नल पकडणारा भाग, ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५०/१०६०० असे लिहिलेला घ्यावा. वायर मात्र हलकी घेऊ नये. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्या उन्हात हलक्या वायरीचे वरचे आवरण तडकते आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरते. चांगली आरजी-६ वायर एका सलग तुकड्यात घ्यावी, मध्ये जोड ठेवू नये, आणि एलएनबीपाशी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी जोडणीकडे न जाता तेथूनच गळून पडते.

जागा निवडताना घाई करू नये. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपुरातून पाहिल्यास तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर असतो. बुलढाण्याकडे दिशा सुमारे १३८ अंशांवर येते आणि उंची ५९ च्या आसपास राहते, तर गडचिरोलीकडे उंची ६२ च्या घरात जाते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशात जवळपास याच ठिकाणी असतो, त्यामुळे त्या वेळी निवडलेल्या जागेवर कडुलिंबाची किंवा चिंचेची सावली पडत असेल, तर ती जागा सोडून द्यावी. याच दिवसांत सूर्य उपग्रहाच्या पाठीमागे आल्यामुळे काही मिनिटे चित्र जाते आणि आपोआप परतते, तेव्हा छत्रीला हात लावू नये.

कवेलूंवर किंवा पत्र्यावर छत्री ठेवू नये. पत्रा वाऱ्याने थरथरतो, कवेलू वानरांच्या उड्यांनी सरकतात, आणि छत्री किंचित हलली तरी सिग्नल जातो. भिंतीत किंवा अंगणात सिमेंटने पक्का केलेला लोखंडी पाइप उत्तम, आणि तो गवंड्याकडून ओळंबा लावून अगदी सरळ करून घ्यावा, कारण पाइप कलला असेल तर छत्रीमागच्या कोन दाखवणाऱ्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात. कोन या पट्टीवरूनच लावावा. कोन बरोबर लागला तरी ही छत्री दिसायला उभट असते, म्हणून नजरेच्या अंदाजाने ती मागे कलवू नये.

दिशा लावायला दोन माणसे हवीत, एक छत्रीपाशी आणि एक टीव्हीसमोर. टीव्हीच्या पडद्यावर बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे दिसतात. नुसता एलएनबी जोडला तरी स्ट्रेंथ दिसते, म्हणून तिच्यावर विसंबू नये; छत्री केसभर सरकवावी, थांबावे, क्वालिटी वाचावी, आणि ती सर्वांत वर गेली की एलएनबीही जागच्या जागी थोडा फिरवून पाहावा. साध्या दर्जाच्या वाहिन्या लागल्या म्हणून काम संपले असे समजू नये, एचडी वाहिनी अडखळत नाही हे पाहूनच नट कसावेत. त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा १०८०आय आणि आकार १६:९ करावा; हे राहून गेले, तर सगळी मेहनत होऊनही चित्र साधेच दिसते.

पाइपला जमिनीत अर्थिंग द्यावे. मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावेत, कारण केवळ बटण बंद केल्याने वायरीतून येणारा दणका थांबत नाही. वीज वारंवार येत-जात असेल, तर बॉक्स आणि टीव्ही स्टॅबिलायझरवर ठेवावेत.