पुढच्या हंगामाचा स्नोबोर्ड निवडताना: लांबीच्या आधी रुंदीचा हिशेब

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायची फळी. तिच्या कंपन्या पुढच्या हिवाळ्याचा माल जानेवारी-फेब्रुवारीतच विक्रेत्यांना दाखवतात, आणि तेव्हापासून कोणता बोर्ड घ्यावा याविषयी सल्ल्यांचा पूर येतो. त्यांपैकी बहुतेक सल्ले बोर्डावरचे चित्र आणि खरेदीदाराची उंची या दोन गोष्टींपलीकडे जात नाहीत. कोलोरॅडोत राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात मी ओळखीच्या कोणाला तरी हे सामान निवडायला मदत करत आलो आहे, आणि नव्या मालात नेमके काय पाहायचे याचा माझा क्रम आता पक्का झाला आहे.

पहिल्यांदा नव्या आणि चालू वर्षाच्या बोर्डाचे तांत्रिक तक्ते शेजारी ठेवावेत. परिणामकारक कडेची (वळताना बर्फाला लागणाऱ्या कडेची) लांबी, साइडकटची (बाजूच्या आत वळलेल्या बाकाची) त्रिज्या, कमरेची (मधल्या अरुंद जागेची) रुंदी, गाभ्याचे लाकूड आणि तळाचा प्रकार या पाचही नोंदी तशाच असतील, तर कंपनीने जुन्याच साच्यावर नवे चित्र छापले आहे असे समजून चालू वर्षाचाच बोर्ड मार्च-एप्रिलच्या सवलतीत घ्यावा. एकाच साच्यातून दोन-तीन वर्षे बोर्ड काढणे ही या धंद्यातील नेहमीची रीत आहे आणि तीत गैर काही नाही. फक्त त्यासाठी पूर्ण किंमत मोजण्याचे कारण नाही.

लांबी वजनावरून ठरवावी. बोर्ड हनुवटीपर्यंत यावा हा नियम सोडून द्यावा, कारण बोर्ड वाकतो तो वजनाने.

आता रुंदी. गेल्या काही वर्षांत कंपन्यांचा कल आखूड आणि रुंद बोर्डांकडे स्पष्टपणे वळला आहे. जपानच्या होक्कायडो बेटावर निसेको येथे तारो तामाई यांनी जेंटेमस्टिक या नावाने लाटांवरच्या फळ्यांची आठवण करून देणारे बोर्ड घडवले, तो विचार पुढे सर्वत्र पसरला. राइड कंपनीचा वॉरपिग, केटू कंपनीचा पार्टी प्लॅटर, येस कंपनीचा 420 हे त्याच दिशेचे बोर्ड आहेत. लांबी कमी करून तेवढेच क्षेत्रफळ रुंदीत द्यायचे, म्हणजे भुसभुशीत बर्फावर बोर्ड तरंगतो आणि झाडांमधून चटकन वळतो, अशी ही कल्पना आहे. मला ती मनापासून आवडते. परंतु तिच्यामुळे रुंदी ही आता ‘साधा की वाइड’ एवढ्या दोन खान्यांत विचारण्याची बाब राहिलेली नाही, आणि दुकानांतून मात्र अजूनही तसेच विचारले जाते.

माझा पहिला स्वतःचा बोर्ड मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतला. त्याने माझी उंची पाहिली, पायाचे माप विचारलेही नाही. माझा पाय 28.5 सेंटीमीटरचा, जुन्या घडणीच्या जाड बुटाची बाहेरची लांबी 32.5 आणि बोर्डाची कंबर 24.6. मागचा पाय मी सरळ शून्य अंशावर, म्हणजे बोर्डाच्या लांबीला काटकोनात, बांधला होता. दोन हंगाम मी कडक बर्फावर बोटांकडच्या कडेवर झुकलो की पडत होतो आणि तोल आपल्याला जमत नाही असे समजून शिकवण्या घेत होतो. प्रत्यक्षात वळणावर बोर्ड कलला की बुटाचे टोक बर्फात रुतत होते आणि पोलादी कड बर्फावरून उचलली जात होती. यालाच टो ड्रॅग म्हणतात. एका वळणावर असाच उलटून मी मनगट मोडून घेतले, आणि त्यानंतर पट्टी घेऊन मोजायला बसलो.

मोजायचे असे. तक्त्यात दिलेली कंबर ही बोर्डाची सर्वांत अरुंद जागा असते आणि पाय तिथे नसतात. ते तिच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोर्ड थोडा रुंदावलेला असतो तिथे असतात. किती रुंदावलेला, हे काढणे सोपे आहे: मध्यापासून पायापर्यंतच्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला साइडकटच्या त्रिज्येने भागावे. दोन पायांतील अंतर 56 सेंटीमीटर असेल तर एक पाय मध्यापासून 280 मिलिमीटरवर येतो, आणि त्रिज्या 8 मीटर असेल तर उत्तर सुमारे 10 मिलिमीटर येते. म्हणजे कमरेला 246 असलेला माझा बोर्ड पायाखाली 256 होता. कडेची वक्रता सर्वत्र सारखी नसलेल्या बोर्डांत हे उत्तर थोडे इकडेतिकडे होते, पण निर्णयापुरते ते पुरेसे आहे.

आता 325 मिलिमीटरच्या बुटातून 256 वजा केले की 69 मिलिमीटर बूट बोर्डाबाहेर राहतो. तो दोन्ही बाजूंना सारखा विभागलेला असता तरी जास्तच होता; माझे बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारा सांगाडा, बोटांच्या बाजूला सरकलेले असल्यामुळे बोटांकडे 45 आणि टाचेकडे 24 मिलिमीटर अशी त्याची वाटणी झाली होती. बुटाचे टोक बोर्डाच्या तळापासून 4 सेंटीमीटर उंच असते असे धरले, तर 45 मिलिमीटर बाहेर आलेले टोक बोर्ड साधारण 42 अंश कलताच बर्फाला लागते. हेच अंतर 17 मिलिमीटर असते, तर 67 अंशांपर्यंत वाट मोकळी राहिली असती. सामान्य माणसाला त्याहून जास्त कलायची गरज पडत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे, की बुटाचा बाहेर आलेला भाग प्रत्येक बाजूला दोन सेंटीमीटरांच्या आत असावा आणि उघडा पाय जवळजवळ कडेपासून कडेपर्यंत पोहोचावा. पाय तिरका बांधला की त्याची बोर्डावरची आडवी लांबी कमी होते, पण ती लोकांना वाटते तितकी नाही: 9 अंशांनी जेमतेम सव्वा टक्का, 18 अंशांनी पाच टक्के. अरुंद बोर्डावर ‘कोन वाढवा म्हणजे झाले’ हा सल्ला म्हणून मला मान्य नाही. गुडघ्याला न पटणारा कोन केवळ चुकीच्या बोर्डापायी सहन करू नये. कोन, बाइंडिंग बोर्डाला पक्के करणारी तबकडी मागेपुढे सरकवून बूट मध्यावर आणणे आणि बाहेरून आखूड घडणीचे नवे बूट घेणे हे तिन्ही उपाय करूनही बाहेरचा भाग जास्त उरत असेल, तर बोर्डच रुंद घ्यावा.

याची उलट चूकही तितकीच त्रासदायक आहे, आणि आखूड-रुंद बोर्डांच्या लाटेत ती वाढते आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा पाय 24 सेंटीमीटरचा आहे. तिने मैत्रिणीकडचा 26.5 सेंटीमीटर कमरेचा बोर्ड हौसेने वापरला आणि दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्या भरून आल्या. पायाखाली तो बोर्ड 27.3 होता आणि तिचा पाय दोन्ही कडांपासून दीड सेंटीमीटरहून जास्त आत राहत होता, त्यामुळे प्रत्येक वळणाला बोर्ड उचलण्याचे सगळे काम पोटरीवर येत होते. खोल, ताज्या बर्फात हे चालून जाते. गुलमर्गला अफरवाट शिखराच्या उतारांवर, तयार केलेल्या वाटांबाहेर जाणाऱ्यांना असा बोर्ड आनंदच देईल. घट्ट दाबलेल्या वाटांवर मात्र लहान पायाच्या माणसाने तो घेऊ नये. महाराष्ट्रातून गुलमर्गला जाणाऱ्यांना माझा आग्रह असतो की बोर्ड तिथे भाड्याने घ्या, पण बूट स्वतःचे न्या आणि भाड्याच्या बोर्डावर ते ठेवून दोन्ही बाजूंचे अंतर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाइंडिंगबाबत कंपन्यांची दिशा पट्टे टाळण्याकडे आहे. बर्टन कंपनीने 2017 मध्ये स्टेप ऑन हे बाइंडिंग बाजारात आणले. त्यात बूट टाचेला आणि बोटांच्या दोन्ही बाजूंना अडकतो आणि खाली बसून पट्टे आवळावे लागत नाहीत. पण त्याला त्याच पद्धतीचे बूट लागतात. असे बूट आता परवान्यावर डीसी, नायट्रो, थर्टीटू याही कंपन्या करतात, म्हणून निवडीला वाव आहे. नीडेकरचे सुपरमॅटिक मागून आपोआप बंद होते आणि त्यात कोणताही साधा बूट चालतो. तुमचा पाय एखाद्या कंपनीच्या बुटात नीट बसतो की नाही हे आधी पाहा आणि मगच पद्धत ठरवा. बाइंडिंगच्या सोयीपायी न बसणारा बूट घेणे ही महागडी चूक आहे. बर्टनच्या बोर्डावर छिद्रांऐवजी लांब खाच असते आणि तिच्यासाठी केलेली ईएसटी नावाची बाइंडिंग छिद्रांच्या बोर्डावर बसत नाहीत, हेही खरेदीपूर्वी तपासावे.

कॅम्बरचा, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणाऱ्या बोर्डाच्या बाकाचा, प्रकार: शिकताना सपाट किंवा मिश्र, कडक बर्फावर पारंपरिक, मध्ये उचललेला.

बोर्डाच्या तळाला लावायचे मेण फ्लोरिनविरहित घ्यावे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 पासून स्पर्धांत फ्लोरिनयुक्त मेणाला बंदी केली आहे आणि हौशी माणसाला त्याची गरज कधीच नव्हती. कपड्यांतही हाच बदल आला आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायने असलेल्या नव्या कपड्यांवर निर्बंध आले, आणि जॅकेटांतला जलरोधक पडदा बनवणाऱ्या गोअर-टेक्सनेही विस्तारित पॉलिएथिलीनचा नवा पडदा आणला. मला हा बदल स्वागतार्ह वाटतो, पण नव्या जॅकेटांचा बाहेरचा पाणी झटकणारा लेप तेलापुढे आणि मळापुढे पूर्वीइतका टिकत नाही. त्यांच्यामुळे तो लवकर निकामी होतो. म्हणून जॅकेट हंगामात दोन-तीनदा तरी धुवावे आणि लेबलावर परवानगी असेल तर मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवावे.

बोर्ड घरी आल्यावर बाइंडिंग बसवून, त्यात बूट अडकवून, सतरंजीवर एकेका कडेवर कलता करून पाहावे. बोटांकडे आणि टाचेकडे बूट जमिनीला लागण्याचा कोन सारखा येईपर्यंत तबकडी सरकवावी, मगच स्क्रू घट्ट करावेत, आणि पहिल्या दिवशी दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पुन्हा एकदा आवळावेत. घरातली ही तपासणी होईपर्यंत पावती आणि वेष्टन फेकू नये, कारण उताराच्या खुणा पडलेला बोर्ड दुकाने परत घेत नाहीत.