जीपीएस डेटा रिसर्चला देताय? नुसतं नाव काढून भागत नाही

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पुण्यात आम्ही पंचवीसेक जणांच्या फोनवर दोन आठवडे जीपीएस लॉगर चालू ठेवला होता, आणि फाईलमधून नावं-नंबर उडवले की काम झालं असं धरून चाललेलो. मॅपवर टाकून बघितलं तर एक ठिपका रात्री कोथरूडच्या गल्लीत, दिवसा हिंजवडीत, गुरुवारी संध्याकाळी दत्तमंदिरापाशी, आणि आमच्यातलाच एकजण म्हणाला, अरे हा तर माझा रूममेट! २०१३ साली १५ लाख मोबाईलवाल्यांचा १५ महिन्यांचा डेटा तपासला गेला होता, त्यात ठिकाण आणि तास असे नुसते ४ ठिपके ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरले, तेही टॉवरच्या अंदाजी लोकेशनवर.

तर आधी प्रश्न ठरवा, मग डेटा गोळा करा. स्वारगेटला बस बदलायला किती वेळ जातो एवढंच बघायचं असेल तर रविवारी कोण कुठे जेवायला गेलं ते कशाला हवंय? सकाळ-संध्याकाळचे गर्दीचे तास रेकॉर्ड करा, बाकी वेळ लॉगर बंद. संमतीचा फॉर्म मराठीत, आणि डेटा कधी डिलीट होणार ती तारीख त्यात लिहा.

आयडी देताना मोबाईल नंबर हॅश करून (म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याची अगम्य अक्षरं बनवून) वापरू नका, प्लीज. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा डेटा असाच हॅश करून बाहेर आला, पण टॅक्सी नंबरांची शक्य कॉम्बिनेशन्सच मोजकी, सगळी हॅश करून ताडून बघितली की खरे नंबर हातात. रँडम आयडी द्या आणि कुठला आयडी कुणाचा ही यादी वेगळ्या मशीनवर, एकाच माणसाकडे.

घराचं काय करायचं हा खरा डोक्याला ताप. घराभोवती २०० मीटरचं वर्तुळ आखून आतले ठिपके काढले की आपल्याला वाटतं सुटलो, पण रोजच्या ट्रिपा त्याच वर्तुळाच्या कडेवर तुटतात आणि चार-पाच टोकं मिळाली की मधोमध घर सापडतं. त्यापेक्षा सगळ्या शहरावर एकच चौकटी टाका आणि ट्रिपची दोन्ही टोकं घर कुठल्या चौकटीत एवढ्यावरच ठेवा.

बाकी ठिपक्यांचे दशांश कमी करा. अक्षांशाचे ५ दशांश म्हणजे साधारण १ मीटर, ३ म्हणजे ११० मीटर, २ म्हणजे १.१ किलोमीटर. प्रभागातून प्रभागात किती लोक जातात याला २ पुरतात, पण स्टॉपवरून स्टॉपवर चालत जायचं अंतर हवं असेल तर २ दशांशात ते चालणंच गायब होतं. म्हणून सगळ्यांना एकच फाईल देऊ नका. बारीक डेटा आपल्याच मशीनवर राहू दे, ज्याला हवाय त्याने येऊन तिथेच काम करावं, बाहेर जाईल तो फक्त कुठून-कुठे किती ट्रिपा याचा तक्ता. त्यातही १० पेक्षा कमी माणसं असलेले तक्त्यातले रकाने झाका, आणि ओळीची बेरीज खाली देऊन स्वतःच पचका करू नका, वजाबाकी सगळ्यांना येते :)

कायद्याचं थोडक्यात: भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात रिसर्चला सूट आहे, पण त्या डेटावरून कुणा एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि सरकारने ठरवलेले निकष पाळायचे या अटीवर.

शेवटी तयार फाईल एखाद्या ओळखीच्याला द्या, तुमचा स्वतःचा ट्रॅक त्यात असू दे, आणि म्हणा मला शोधून दाखव. चहा संपायच्या आत सापडलात तर परत चौकटी मोठ्या करा.