वर्णाचा रकाना अंदाजाने भरू नका

ब्राझीलमधल्या क्रास (सरकारी समाजसाहाय्य) केंद्रात कादास्त्रो उनिकोचा (गरीब कुटुंबांच्या सरकारी नोंदणीचा) अर्ज भरताना वर्णाचे ब्रांका (गोरी), प्रेता (काळी), पार्दा (मिश्रवर्णीय), आमारेला (पूर्व आशियाई वंशाची), इंदीजेना (आदिवासी) हे पाचही पर्याय वाचून दाखवा. अर्ज करणारी बाई सांगेल तेच लिहा. चेहरा बघून ‘पार्दा’ ठोकून देणं ही कर्मचाऱ्यांची जुनी खोड, आणि तिथेच आकडेवारी बिघडते.

घरकाम करणारीला गेल्या महिन्याची आणि वर्षभराची, दोन्ही कमाया विचारा. बोल्सा फामिलिया या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेची दरडोई मासिक उत्पन्नाची मर्यादा २०२३ पासून २१८ रेआल आहे. एका बऱ्या महिन्याने घर योजनेबाहेर पडायला नको.

या नोंदींच्या तक्त्यात प्रेता-पार्दाची बेरीज (तीच ‘नेग्रा’, म्हणजे कृष्णवर्णीय) शेवटी करा. वर्ण आणि लिंग मात्र एकत्रच विभागा. नुसत्या ‘स्त्रिया’ मोजल्या, की कृष्णवर्णीय बाई सरासरीत हरवते.