जीएच्या फवारणीआधी पीएच मीटर तपासून घ्या

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागांत घड पोपटी हिरवे दिसू लागले की जीएची (जिबरेलिक आम्ल या वाढ संप्रेरकाची) पहिली फवारणी येते. या द्रावणाचा सामू (पीएच) ५.५ ते ६ च्या दरम्यान हवा, हे बहुतेक बागायतदारांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी ७.५ च्या वर असते. म्हणून सायट्रिक आम्ल किंवा युरिया फॉस्फेट टाकून ते खाली आणतात. किती टाकायचे हे ठरते खिशातल्या पेनसारख्या मीटरवर, आणि तो मीटर गेल्या हंगामापासून पेटीत कोरडा पडलेला असतो. औषधे मोजताना आपण ग्रॅमचाही हिशेब ठेवतो. तेवढीच काळजी या मीटरची घेतली पाहिजे.

कोरडी पडलेली काच लगेच बरोबर आकडा देत नाही. मीटरच्या टोकाला असलेला काचेचा फुगा रात्रभर पोटॅशियम क्लोराईडच्या साठवण द्रावणात बुडवून ठेवा. ते नसेल तर ४ सामूचे बफर (मीटर जुळवायला वापरतात ते ठरलेल्या सामूचे द्रावण) चालते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मात्र मुळीच ठेवू नका. त्यात आतले क्षार बाहेर निघून जातात आणि प्रोब (मीटरचे हे मोजणारे टोक) लवकर मरतो. टोपणाजवळ पांढरे खडे जमलेले दिसले तर घाबरायचे कारण नाही. ते साठवण द्रावणातलेच मीठ आहे, पाण्याने निघते. जड पाण्यामुळे काचेवर चुन्याचा थर बसला असेल तर अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे धरा. औषधाचा तेलकटपणा असेल तर साध्या भांडी धुण्याच्या साबणाच्या पाण्याने धुवा. काच घासू नका.

मीटरसोबत बफरच्या पावडरची पाकिटे येतात. त्यांवर ४.००, ६.८६ आणि ९.१८ असे लिहिलेले असते, काही कंपन्या ४.०१, ७.०० आणि १०.०१ देतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बहुधा २५० मिली) पावडर पूर्ण विरघळवा. बोअरचे किंवा पिण्याच्या बाटलीतले पाणी घेतले तर त्यातल्या क्षारांनी बफर पहिल्याच मिनिटाला बिघडते. बाटलीवर तारीख लिहा. वापरायला औषधाच्या टोपणाएवढे बफर वेगळे काढून घ्या आणि काम झाल्यावर ते फेकून द्या, परत बाटलीत ओतू नका. ९.१८ चे बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरते, म्हणून ते उघडे राहू देऊ नका.

आधी ६.८६ किंवा ७.०० च्या बफरमध्ये मीटर बुडवा, हलकेच फिरवा आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. मग स्क्रू किंवा बटणाने आकडा जुळवा. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, टिश्यूने नुसते टिपून घ्या आणि ४ च्या बफरमध्ये तेच करा. शेवटी पहिल्या बफरमध्ये परत बुडवून पाहा. तिथे ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून करा.

बरेच जण फक्त ७ वर जुळवून थांबतात. इथेच खरा घात होतो. काच म्हातारी झाली की तिचा प्रतिसाद, म्हणजे सामू बदलल्यावर आकडा जितका हलायला हवा तितका हलणे, कमी होतो, पण ७ च्या जवळ ते कळतच नाही. समजा प्रोबचा प्रतिसाद ८० टक्क्यांवर आला आहे. मीटर ७ ला अगदी बरोबर दाखवेल, पण पडद्यावर ५.५ दिसेल तेव्हा पाण्याचा खरा सामू ५.१ च्या आसपास गेलेला असेल, म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त आम्ल ओतलेले असेल. आपले लक्ष्य ५.५ ते ६ आहे, म्हणून ७ आणि ४ या दोन्ही टोकांवर मीटर जुळलाच पाहिजे. ४ वर जुळतच नसेल तर प्रोब संपला असे समजा. माती किंवा बोअरचे पाणी तपासायचे असेल तर मात्र ७ आणि ९.१८ हे दोन बफर घ्या.

डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे टाकीतले पाणी बर्फासारखे असते आणि बफरची बाटली घरातल्या उबेत. तापमान बदलले की बफरचा स्वतःचा आकडाही थोडा सरकतो. ६.८६ चे बफर १० अंशांना ६.९२ असते. पाकिटामागे तापमानाचा तक्ता असतो, त्यानुसार जुळवा. मीटरवर आपोआप तापमान दुरुस्ती असे लिहिले असले तरी ती काचेच्या प्रतिसादापुरती असते. थंड पाण्यात आकडा स्थिरावायला जास्त वेळ लागतो, तेवढा थांबा.

आता प्रत्यक्ष टाकीकडे. आधी दहा लिटरच्या बादलीत चाचणी घ्या. मोजलेले सायट्रिक आम्ल थोडे थोडे टाकत जा, ढवळा आणि आकडा पाहा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, त्यामुळे सुरुवातीला सामू हटता हटत नाही आणि ६ च्या खाली आला की एकदम घसरतो. शिवाय आम्लामुळे सुटलेला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जात असल्याने थोड्या वेळाने आकडा परत वर चढतो. म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. बादलीला जितके ग्रॅम लागले त्याच्या साठपट ६०० लिटरच्या टाकीला. टाकी ढवळून मगमध्ये नमुना काढा आणि त्यात मोजा. हे सगळे जीए टाकण्यापूर्वी. औषधे मिसळलेल्या तेलकट द्रावणात प्रोब बुडवू नका.

ताम्रयुक्त औषधांच्या पाण्यात मात्र आम्ल टाकू नये. सामू खाली गेला की तांबे जास्त विरघळते आणि कोवळ्या पानांवर जळल्याचे डाग पडतात. कॅप्टान या बुरशीनाशकाचे उलट आहे. ८ सामूच्या पाण्यात ते काही मिनिटांतच निकामी होऊ लागते.

फवारणीचे दिवस लागोपाठ असताना रोज सकाळी एकदा दोन्ही बफरमध्ये मीटर तपासा. काम झाल्यावर धुऊन, टोपणात साठवण द्रावणाचे चार थेंब टाकून झाका, आणि ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात न ठेवता घरात ठेवा.